चोरटी प्रत : पाहणारा आणि वाटणारा

बदलापूरहून मुंबईस निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये वर्तमानपत्राची जागा आता मोबाइलने घेतली आहे, आणि त्या मोबाइलवर चाललेला चित्रपट पुष्कळदा कोणीतरी फुकट पाठविलेला असतो. ‘हा गुन्हा आहे काय?’ असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, ‘सारे जग पाहते, त्यात कसला गुन्हा!’ दुसरा म्हणतो, ‘नुसते पाहिले तरी ३ वर्षे तुरुंग!’ वास्तविक ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दुसरे कसे चुकीचे ते आधी पाहू. त्यातूनच पहिल्याचा उलगडा होतो.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्याच्या ६३व्या कलमान्वये जाणूनबुजून हक्कभंग करणारास, अथवा त्यास साहाय्य करणारास, ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वा नफ्यासाठी कृत्य केले नसेल तर न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. म्हणजे पोलिसांना वॉरंटावाचूनही अटक करता येते.

हे झाले कायद्याचे शब्द. २०१६ साली बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक सूचना झळकू लागली होती. चोरटी प्रत पाहणे, उतरवून घेणे, दाखविणे किंवा तिची नक्कल करणे, सारेच शिक्षेस पात्र आहे, असा तिचा आशय. लोक घाबरले. त्याच वर्षी ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाचा दावा मुंबई उच्च न्यायालयात आला असता न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ही भाषा बदलावयास लावली. गुन्हा पाहण्यात नाही. हक्कदारास बाधक होईल असे वितरण, जाहीर प्रदर्शन, परवानगीवाचून विक्री किंवा भाड्याने देणे यांत आहे, असा त्यांचा खुलासा होता. तेव्हा नुसत्या पाहणाऱ्याने तुरुंगाचे स्वप्न पाहून दचकण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला! मी तर फक्त घेतो, देत नाही. पण खरी मेख याच ठिकाणी आहे. ‘टॉरेंट’ ही पद्धत कशी चालते ते पाहा. जुन्या पोथ्यांची पाने सुटी असत. समजा, एका पोथीची पाने गावातील शंभर घरांत विखुरलेली आहेत. तुम्हांला अख्खी पोथी हवी. तुम्ही घरोघर जाऊन पाने उतरवून घेता. मात्र नियम असा की, तुमच्या हाती आलेले प्रत्येक पान मागेल त्यास लगेच उतरवून द्यायचे. पोथी पुरी होण्याच्या आतच तुम्ही दहा जणांना पाने पुरविलेली असतात. टॉरेंटमध्ये हेच घडते, आणि ते संगणक परस्पर करतो. आपण उतरवून घेत आहोत असे अंबरनाथच्या एखाद्या विद्यार्थ्यास वाटते. त्याच वेळी त्याचा संगणक त्याच चित्रपटाचे तुकडे परमुलखातील अनोळखी माणसांना वाटीत असतो. न्यायालयाने पाहणारा आणि वाटणारा यांच्यामध्ये जी रेघ ओढली, ती त्याने नकळत ओलांडलेली असते. त्यातून टॉरेंटमध्ये प्रत्येक देणाऱ्या-घेणाऱ्याच्या जोडणीचा क्रमांक इतरांस दिसतो, हे वेगळेच.

टॉरेंट नको म्हणून साधी प्रत उतरवून घेतली तरी ती नवी प्रत बनविणेच होय, आणि प्रत काढण्याचा हक्क मालकाचा. खासगी उपयोगाची सवलत ५२व्या कलमात आहे खरी. पण मुळातच चोरट्या प्रतीला ती लागू पडेल या भरवशावर कोणी राहू नये असे मला वाटते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चित्रपट टाकणे, किंवा गणपतीच्या मंडपात पडदा लावून तो दाखविणे, यांत तर शंकेला जागाच नाही. पहिले वितरण, दुसरे जाहीर प्रदर्शन. हेतू सेवेचा असला तरी!

उल्हासनगरचे नाव या संदर्भात निघाले की लोक हसतात. १९४९ साली नाव पावलेल्या या गावी निर्वासित सिंधी बांधवांनी छावणीच्या बराकींतून उद्योग उभे केले. पण ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तेवढा जगाच्या लक्षात राहिला. नकली मालालाही कापड लागते, शिलाई लागते, कारागिराचा दिवस लागतो. संगणकावरील प्रतीला काहीच लागत नाही, म्हणून ती चोरी वाटत नाही.

दुकानदारांनी मात्र एका कलमाकडे अवश्य लक्ष द्यावे. चित्रपट पाहणाऱ्यास जी मोकळीक, ती चोरटे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास नाही. ६३-ब या कलमाने अशी प्रत संगणकावर जाणूनबुजून नुसती वापरणे हाच गुन्हा ठरतो. शिक्षा ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत. लग्नपत्रिका जुळविणारा, फोटो स्टुडिओवाला, जीन्सच्या कारखान्यातील हिशेबनीस, सारे यात येतात.

आणि पोलीस न येताही शिक्षा होते. कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटातून ‘स्टॉप’ नावाचा एक खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. तो सर्व फाइलींना स्वतःचे कुलूप घाली आणि किल्लीसाठी ९८० डॉलर मागत असे. ७२ तासांत दिले तर निम्मे! पत्रिकांचे नमुने, गिऱ्हाइकांचे फोटो, वर्षाचा हिशेब, सारे एका रात्रीत गेले की वाचविलेल्या पैशांचा हिशेब निराळाच होतो. लिब्रेऑफिस किंवा गिंप यांसारखी सॉफ्टवेअर कायदेशीरपणे फुकट मिळत असता हा धोका का पत्करावा, हे मला तरी उमगत नाही.

नुकसान मोठ्या निर्मात्यांचेच होते, हीही एक समजूत. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि चित्रगृहांत गर्दी असतानाच त्याची चोरटी प्रत फिरू लागली. तो तरला. लहान मराठी चित्रपटाला एकाच आठवड्याचे आयुष्य मिळते. तो तरत नाही. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. चित्रगृहात चोरून चित्रण करणारास आता किमान ३ महिने कारावास व ३ लाख दंड. दंडाची कमाल मर्यादा निर्मितिखर्चाच्या ५ टक्के.

पुस्तकांची गोष्ट जरा वेगळी, कारण तेथे फुकट ते सगळेच चोरटे नसते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११च्या आरंभापासून सर्वांची झाली. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६०अखेर चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र दोन्हींच्या प्रती एकाच सकाळी, एकाच शुभेच्छेसह येतात. पहिली बेलाशक पुढे पाठवावी. दुसरी वाचनालयात मिळते.