फर्मान आणि समाजमन : पालघरच्या किनाऱ्यावरून इराणच्या राष्ट्रवादाचा आढावा

पहिल्या महायुद्धात रशियाचा झार पदच्युत झाला आणि त्यापाठोपाठ उस्मानी साम्राज्यही कोसळले, तेव्हा पश्चिम आशियातील मुसलमानी मुलखांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : यापुढे राज्याचा आधार धर्म, राजघराणे की राष्ट्र? या प्रश्नाला जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांपैकी इराणच्या उत्तराचे धागेदोरे आपल्या पालघर जिल्ह्यापर्यंत पोचलेले असल्यामुळे त्याचा विचार इथे विस्ताराने करणे उचित ठरेल.

तुर्कस्तानात केमाल पाशाने १९२२ साली सुलतानी आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही मोडीत काढली. ज्या गादीच्या रक्षणासाठी मुंबईच्या खिलाफत कमिटीने देशभर चळवळ उभारली होती, ती खुद्द तुर्कांनीच नाहीशी करावी, हा हिंदी मुसलमानांना जबर धक्का होता. पुढे १९२६ मध्ये स्विस धर्तीचा दिवाणी कायदा आणि १९२८ मध्ये लॅटिन लिपी आली. हाच वेग अफगाणिस्तानात आणू पाहणाऱ्या अमानुल्लाला मात्र टोळ्यांच्या बंडामुळे १९२९ साली गादी सोडावी लागली.

इराणात १९२१ च्या लष्करी उठावातून पुढे आलेल्या रझाखानाने १९२५ मध्ये मजलिसकरवी काजार घराणे पदच्युत करवले आणि तो स्वतः रझाशहा म्हणून गादीवर आला. त्याच वर्षी फर्वर्दीन, अर्दिबेहेश्त अशा प्राचीन नावांच्या महिन्यांचे सौर पंचांग कायद्याने रूढ झाले, १९३४ मध्ये फिर्दौसीचा सहस्राब्दी-महोत्सव साजरा झाला आणि १९३८ पर्यंत कास्पियन समुद्रापासून इराणी आखातापर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. नव्या राष्ट्राला अभिमानासाठी जो इस्लामपूर्व भूतकाळ हवा होता, त्याचे जरथुष्ट्री वारस मात्र इराणात मूठभर उरले होते. त्यांचे बहुसंख्य भाऊबंद शतकानुशतके आपल्या किनाऱ्यावर नांदत होते.

संजाणच्या पाडावानंतर पारशांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी बारडाच्या डोंगरातील बहरोटच्या लेण्यांत बारा वर्षे जपला, असे त्यांची परंपरा सांगते. बोईसरला उतरून कारखान्यांची वसाहत मागे टाकत जो तारापूर गाठेल, त्याला तिथे अग्यारी दिसेल. निजामाच्या मुलखात सावकारीने आणि मक्त्यांनी नावारूपाला आलेले विकाजी मेहेरजी याच गावचे. यझ्द-केरमानकडून फार नंतर आलेल्या इराणी कुटुंबांनी डहाणू, घोलवड आणि बोर्डीच्या वाड्यांत चिकू रुजवला. या कुटुंबांनी मायदेश सोडला त्याचे कारण दारिद्र्य होते, तसा छळही होता.

त्या छळाविरुद्ध झालेला एक प्रयत्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपले वकील म्हणून इराणात धाडले. तिथे उरलेले सुमारे ७,००० जरथुष्ट्री जिझिया भरत होते आणि घोड्यावर बसण्यासारख्या साध्या गोष्टीचीही त्यांना मनाई होती. हातरियांनी दरबारात अर्जविनंत्या केल्या, यझ्द आणि केरमानला शाळा काढल्या, पडक्या अग्यारी सावरल्या, आणि अठ्ठावीस वर्षांच्या चिकाटीनंतर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जिझिया माफ केला. फर्मान इथेही निघाले, परंतु ते कार्याची अखेर म्हणून निघाले.

पुढल्या पिढीत मुंबईच्या इराण लीग या पारशांच्या संस्थेने आणि दिनशा इराणी यांनी नव्या इराणशी संबंध दृढ केले. पूर्दाऊद या मुसलमान घराण्यातील विद्वानाने मुंबईत राहून गाथांचे फारसी भाषांतर केले. १९३३ साली अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीने पहिला फारसी बोलपट काढला, तोही मुंबईतच. ‘लोर-कन्या’ या त्या चित्रपटाचे नायक-नायिका दरोडेखोरांच्या जाचाला कंटाळून मुंबईस पळून येतात आणि नव्या राजवटीत देश सावरल्याचे कळताच परततात. पडद्यावर उघड्या चेहऱ्याने वावरलेल्या रुहंगीझ या नायिकेला मायदेशी मात्र लोकांकडून अपमान सोसावे लागले. राज्य बदलले होते, समाजमन बदलले नव्हते.

ही तफावत लवकरच रक्ताने अधोरेखित झाली. सक्तीच्या युरोपीय टोपीविरुद्ध १९३५ साली मशहदच्या गौहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९३६ मध्ये बुरखाबंदी आली आणि शिपाई रस्त्यात स्त्रियांच्या चादरी ओढू लागले. जिच्या मुक्तीसाठी हुकूम निघाला, तीच स्त्री कित्येक घरांत उंबऱ्याआड कोंडली गेली. १९४१ मध्ये ब्रिटिश-रशियन फौजांनी रझाशहाला पदत्याग करायला लावताच असंख्य स्त्रियांनी चादर पुन्हा घेतली. शाळा, न्यायालये आणि तेहरानचे विद्यापीठ मात्र टिकले, कारण त्यांची गरज लोकांना पटलेली होती.

महाराष्ट्रात मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंपाशी मात्र रझाशहासारखी ना गादी होती ना फौज. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांची मागणी मुस्लिम स्त्रियांना न्याय देणाऱ्या कायद्याचीच होती, पण ती पीडित स्त्रियांच्या तोंडून आली होती. कायद्यावाचून अन्याय हटत नाही, हे जिझियाच्या इतिहासाने दाखवले. लोकांच्या मनाची मशागत केल्याविना काढलेला हुकूम हुकूम देणाऱ्यामागे फार काळ उरत नाही, हे रझाशहाच्या इराणने दाखवले. म्हणून सुधारकाने हातरियांची चिकाटी आणि दलवाईंचे धैर्य या दोहोंची जोड घालावी, आणि ज्यांच्यासाठी सुधारणा करावयाची त्यांनाच तिचे कर्ते करावे.