एकट्याचा सायकलप्रवास कुणाच्या उपयोगी पडतो?



मी लांब पल्ल्याची सायकल एकट्याने चालवतो, असं म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "भीती नाही वाटत?" त्याचं उत्तर सोपं आहे. पहाटे निघायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा आणि रोज घरी फोन करायचा. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "याचा कुणाला काय उपयोग?" आज त्याबद्दल बोलू या.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. समजा, तुम्ही १,००० किलोमीटर जाणार आहात. प्रत्येक किलोमीटरला एक रुपया देणारे ५० जण मिळाले, तर ५०,००० रुपये जमतात. साध्या सायकलींच्या हिशेबाने ही आठ-दहा मुलींची सोय झाली.

यात एकटं असण्याचा फायदा होतो. घोळका आला की लोक नुसते बघतात. एकटा माणूस टपरीवर चहाला थांबला की विचारतात, "कुठून आलात? कुठे चाललात? कशासाठी?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा. सगळा प्रवास त्या उत्तरासाठी आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी पक्क्या हव्यात. प्रवासाचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा. देणगी आपल्या खात्यात न घेता थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्यायची आणि देणाऱ्याला संस्थेची पावती मिळाली पाहिजे. आणि परत आल्यावर किती जमले, कशावर खर्च झाले, हे सगळ्यांना कळवायचं. हे केलं नाही, तर सत्कार आपला होतो आणि काम तिथेच राहतं.

आता मी सायकलीच का द्यायच्या म्हणतो, ते सांगतो. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर चालत एक तास लागतो, सायकलने वीस-पंचवीस मिनिटं. येऊन-जाऊन रोज सव्वा तास वाचतो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा फरक जास्त होता. म्हणजे खरी अडचण अंतराची होती.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो बायका शिकल्या. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, मुलांना सोडणं, यासाठी घरातल्या पुरुषाची वाट बघायची गरज उरली नाही.

पण सायकल देऊन, फोटो काढून काम संपत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था श्रीलंकेत सुरू झाली. पुढे आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांसाठी तिने 'बफेलो' नावाची दणकट सायकल बनवली. तिच्या मागच्या कॅरिअरवर १०० किलो ओझं मावतं. सायकलींबरोबर ही संस्था स्थानिक मेकॅनिकही तयार करते, सुटे भाग पुरवते. आपणही हेच लक्षात ठेवायचं. शहरात पडून असलेली गिअरची सायकल खेड्यात पाठवली, तर एक भाग मोडल्यावर ती भिंतीला टेकून राहते. त्यापेक्षा ज्या सायकलीची ट्यूब, चेन आणि ब्रेकचे रबर गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळतात, तीच द्या. सोबत पंप द्या आणि जमलेल्या पैशातला थोडा भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, सुरुवात जवळच करता येते. आपल्या गावाजवळची एक शाळा निवडा. किती मुली तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालत येतात, हे मुख्याध्यापकांना विचारा. तो आकडा हाती आला की आपल्याला किती किलोमीटर सायकल मारायची आहे, ते ठरवता येईल.