रोहूच्या अंगावरचा दोरा

गळाला लागलेल्या माशाच्या अंगावर दोऱ्याचा तुकडा लोंबताना कधी पाहिलाय? आमच्या चौथीतल्या एका मुलानं तळ्यावर रोहू पकडला, तर त्याच्या अंगावर असे दोन दोरे! त्यानं एक ओढला. तो तुटला, पण मुळाशी काहीतरी आतच राहिलं. घरी आजीनं “किडका मासा” म्हणून तो फेकायला लावला. पोरगं हिरमुसलं.

हा दोरा म्हणजे ‘लर्निया’. दिसतो अळीसारखा, पण गणगोत त्याचं कोळंबी-खेकड्यांचं! त्याची इवली पिल्लं आधी पाण्यात पोहतात, मग माशाच्या कल्ल्यांवर मुक्काम करतात. मीलनानंतर नर मरतो. मादी माशाच्या मांसात डोकं खुपसते आणि त्या डोक्याला फाटे फुटतात, अगदी होडीच्या नांगरासारखे. मग ओढून कसं निघणार? बाहेर लोंबतं ते तिचं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं धड. टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. पाणी कोमट असलं, की साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी तयार!

मोठा मासा हे सोसतो, बोटभर पिल्लू मात्र दगावू शकतं.

माणसाला लर्निया होत नाही. जखम चिघळलेली नसेल, तर आईबाबांनी तेवढा भाग कापून टाकावा आणि मासा नीट शिजवावा. आजीलाही हे पटलं, पण तोवर मांजरानं रोहू फस्त केला होता!

असा मासा दुसऱ्या तळ्यात किंवा घरच्या काचेच्या टाकीत मात्र सोडू नका. त्या दोन पिशव्यांत शेकडो अंडी असतात.