खेळाडूचा भाव आणि पहिल्या मैदानाचा वाटा

क्रीडा पानावर दर उन्हाळ्यात एक मथळा ठरलेला असतो : अमक्या क्लबने तमका खेळाडू इतक्या कोटींना विकत घेतला. मी कवितेचा माणूस, त्यामुळे आधी क्रियापदाकडे पाहतो. माणूस विकत घेता येत नाही. मग इथे विकलं जातं ते काय? आमच्या नगरच्या वाडिया पार्कवर खेळणाऱ्या एका मुलाने मला हेच निराळ्या शब्दांत विचारलं होतं, ‘चाचा, एवढे सगळे पैसे त्या खेळाडूला मिळतात का?’

मिळत नाहीत. खेळाडू क्लबशी चार-पाच वर्षांचा करार करतो. तो संपण्याआधी दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल, तर उरलेल्या वर्षांची भरपाई जुन्या क्लबला द्यावी लागते. हीच ट्रान्सफर फी. ती एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते. खेळाडूचा पगार निराळा ठरतो, मध्यस्थाची दलालीही निराळी.

ही रीत जुनी आहे. १९०५ मध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रो क्लबने संडरलँडच्या आल्फ कॉमनसाठी एक हजार पौंड मोजले, तेव्हा तेही लोकांना अति वाटले होते. २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने बार्सिलोनाच्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले.

पूर्वी तर युरोपात करार संपला तरी नवा क्लब पैसे भरेपर्यंत खेळाडू सुटत नसे. आमच्या पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोडणी कामगाराला हे लगेच कळेल. उचल फिटली तरी मुकादम सोडत नाही, तशी ती गत. बेल्जियमचा खेळाडू ज्याँ-मार्क बोस्मान याविरुद्ध न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघातला खेळाडू करार संपताच संघातल्या दुसऱ्या देशात मोकळेपणी जाऊ शकतो. तेव्हापासून क्लब लांब मुदतीचे करार करू लागले, आणि करार संपत येण्याआधीच खेळाडू विकू लागले.

पण भाव एवढे का चढतात? ज्या वर्षी ऊस कमी असतो, त्या वर्षी शेजारच्या दोन कारखान्यांच्या टोळ्या एकाच फडावर उतरतात. टनामागे जास्त भाव द्यायची चढाओढ लागते. फुटबॉलमध्ये हे दरवर्षीचंच आहे, कारण विजेता एकच असतो. शेजाऱ्याने चांगला खेळाडू आणला, की आपल्याला त्याहून चांगला आणावा लागतो. दोघांनी दुप्पट खर्च केला तरी चषक एकालाच मिळतो. त्यात २००३ मध्ये चेल्सी रशियन धनाढ्य अब्रामोविच यांच्याकडे, २००८ मध्ये मँचेस्टर सिटी अबूधाबीकडे आणि २०११ मध्ये पॅरिसचा क्लब कतारकडे गेला. नफ्याची घाई नसलेला मालक बाजारात उतरला, की इतरांचाही हिशेब बिघडतो.

आपल्याकडेही असं घडलं आहे. मुंबई सिटी हा क्लब २०१४ चा. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्याच मालक गटाने त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० च्या हंगामात साखळीत पहिला आला होता एफसी गोवा. पुढच्याच वर्षी त्याचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. त्यांच्यापाठोपाठ ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मूर्तादा फॉल आणि गोव्याचा मंदार राव देसाईही आले. बुमूससाठी मुंबईने करारात लिहिलेली सुटकेची रक्कम भरली.

कोरोनामुळे २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातच खेळवला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर मोहन बागानला २-१ नमवून विजेतेपद घेतलं. गोव्याच्या प्रेक्षकांनी कालपर्यंत ज्यांच्या नावाने आरोळ्या ठोकल्या, तेच खेळाडू गोव्याच्याच भूमीवर गोव्याला बाहेर काढून गेले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये, लीगचं भवितव्यच अधांतरी असताना, त्या परदेशी गटाने मुंबईतला आपला हिस्सा सोडून दिला.

मालकाच्या थैलीवर उभ्या असलेल्या क्लबचं असं आधीही झालं आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१० मध्ये बंद पडला. गोव्यात साळगावकर आणि धेंपो या खाणमालकांच्या क्लबांची चुरस पिढ्यान्पिढ्या रंगली. धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. राष्ट्रीय महासंघाचा नव्या लीगला वरचं स्थान देण्याचा बेत पटला नाही म्हणून २०१६ मध्ये दोघांनीही आय-लीग सोडली. धेंपोने मात्र मुलांना घडवणं चालू ठेवलं आणि २०२४ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. एफसी गोव्यात जाण्याआधी मंदारही धेंपोतच खेळला होता.

उसाची उपमा इथे अपुरी पडते. उसाचा भाव, उशिरा का होईना, पिकवणाऱ्याला मिळतो. मग खेळाडू पिकवणाऱ्याचं काय? बाराव्या वर्षी त्याला बूट देणाऱ्या, सकाळी सहाला मैदानावर बोलावणाऱ्या छोट्या क्लबचा वाटा कोणता?

जागतिक फुटबॉल महासंघाचा, फिफाचा, यासाठी एक नियम आहे. करार चालू असताना खेळाडू फी घेऊन परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. समजा, फी एक कोटी रुपये आहे. मग पाच लाख वाटपाला निघतात, आणि बारा ते पंधरा ही चार वर्षं मुलाला सांभाळणाऱ्या क्लबला त्यातले एक लाख मिळतात. २०२२ पासून या वाटपासाठी फिफाने पॅरिसमध्ये स्वतंत्र संस्था उभी केली आहे.

बड्या क्लबांच्या उलाढालीपुढे ही रक्कम चिल्लर आहे. तालुक्याच्या क्लबसाठी मात्र वर्षभराचे चेंडू आणि जाळ्या त्यात येतात. पण त्यासाठी मुलाची त्या त्या वर्षी रीतसर नोंदणी झालेली असावी लागते. नोंद नसेल तर त्याची ती वर्षं कागदावर घडलेलीच नसतात. आपल्याकडची कितीतरी पोरं कुठल्याच नोंदीशिवाय खेळतात आणि मोठी होतात.

म्हणून गावोगावच्या प्रशिक्षकांना माझं एक सांगणं आहे. हंगाम सुरू होताना आधी मुलांचे जन्मदाखले गोळा करा, क्लब जिल्हा संघटनेशी जोडून घ्या आणि प्रत्येक मुलाची नोंदणी करा. दहा हजारांतला एखादाच परदेशी क्लबपर्यंत पोहोचेल. तो पोहोचला, तर त्याच्या पहिल्या मैदानाचं नाव कागदावर असायला हवं.