फौजेतला ऐकणारा माणूस

ऑक्टोबर महिन्यातले दोन दिवस एकमेकांना अगदी लागून येतात. ९ ऑक्टोबर हा आपल्या प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा दिवस. १९४९ साली याच तारखेला त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेची रीतसर सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. कॅलेंडरात हे दोन दिवस शेजारी आहेत. प्रत्यक्षात त्यांची गाठ पडते का? मानसशास्त्र शिकलेला माणूस आपला व्यवसाय सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालू शकतो का? आणि घातली, तर तिथे त्याला जवानांच्या मनाचं काम करता येतं का?

हा प्रश्न मला पडलेला नाही. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस, फौजेशी माझा संबंध परेड पाहण्यापुरता. प्रश्न विचारला आमच्या मोर्शीच्या एका मुलीनं. घरी संत्र्याची बाग आहे. पोरीनं क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण पुरं केलं आणि आता ती अमरावतीत लोकांची दुखणी ऐकते. बागेचा बहार गळाला की माणसं कशी आतून गळतात, हे तिनं घरातच पाहिलेलं आहे. ती मला म्हणाली, "चाचा, मले फौजेत जायचं हाय, पन दवाखाना सोडून नाई. असं जमते का?" मी म्हटलं, "पोरी, विचारून सांगतो." विचारलं, वाचलं, आणि जे हाती लागलं ते तिच्यासोबत तुम्हालाही सांगतो.

आधी ही प्रादेशिक सेना म्हणजे काय ते पाहू. १९४८ च्या कायद्यानं ती उभी राहिली. तिची कल्पना साधी आहे : नागरिकानं आपला पोटापाण्याचा उद्योग करावा, वर्षातून ठरावीक काळ सैनिकी शिक्षण घ्यावं आणि देशाला गरज पडली की हजर व्हावं. 'सावधानी व शूरता' हे तिचं ब्रीद. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही वेळी ती कामाला आली. आपल्या महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, देवळाली, भुसावळ इथे तिच्या पायदळाच्या पलटणी आहेत, आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, झाडं लावणारी पर्यावरण पलटणही आहे. रेल्वे आणि तेल कंपन्या यांच्या कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या तुकड्या असतात. कपिल देव आणि महेंद्रसिंह धोनी यांना याच सेनेनं मानद लेफ्टनंट कर्नल केलं. पण ते मान म्हणून. आपण बोलतो आहोत ते परीक्षा देऊन येणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल.

त्यासाठी वय १८ ते ४२, कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रकृती धडधाकट लागते. चौथी अट मोठी मजेची आहे : तुमचा स्वतःचा कमाईचा उद्योग असला पाहिजे. बेकारानं नोकरी म्हणून यावं, यासाठी ही जागा नाही. आधी लेखी परीक्षा, मग सेवा निवड मंडळासमोर पाच दिवसांची कसोटी, मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की पहिल्या वर्षी एक महिन्याचं प्राथमिक शिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण चेन्नईच्या अकादमीत. सेवेवर असताना पगार नियमित अधिकाऱ्यासारखा. बाकीचे दिवस तुम्ही आपापल्या घरी, आपापल्या धंद्यावर. सेवेला बोलावलं म्हणून मालकानं नोकरीवरून काढू नये, परत घ्यावं, अशी तरतूदही कायद्यात आहे. मात्र स्वतःचा दवाखाना असेल, तर तुमचा मालक तुम्हीच. मागे राहिलेल्या रुग्णांची सोय तुम्हालाच लावावी लागते.

बायकांना हे दार बराच काळ बंदच होतं. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि ते उघडलं. तरी फट लहानच आहे. २०२५ च्या जाहिरातीत एकूण १९ जागा होत्या आणि त्यांत स्त्रियांसाठी एक. आमच्या पोरीला मी हे सांगितलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "एक तर हाय ना, चाचा!"

आता मूळ मुद्दा. मानसशास्त्रज्ञ म्हणून तिला तिथे घेतील का? याचं सरळ उत्तर आहे, नाही. अधिकारी भरतीच्या जाहिरातीत मानसशास्त्रज्ञ अशी वेगळी वर्गवारी नसते. कारखानदार, वकील, प्राध्यापक, सारे एकाच रांगेत उभे राहतात आणि पुढे पलटणीचे अधिकारी होतात. तुमचं शास्त्र तुमच्या डोक्यात राहील. दारावरच्या पाटीवर येणार नाही.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या राखीव दलात परवानाधारक क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाला थेट अधिकारी म्हणून घेतात. डॉक्टरेट आणि राज्याचा परवाना लागतो. साधारणपणे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे द्यावे लागतात. आपल्याकडे परवाना आहे, पण तो नागरी जगातला. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची नोंदणी होते, आणि त्यासाठी आजवर मुख्यतः एम. ए. नंतरचं दोन वर्षांचं एम. फिल. लागत आलं आहे. फौजेत मनाचे आजार पाहतात ते लष्करी वैद्यकीय सेवेतले मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे आधी एम. बी. बी. एस. झालेले डॉक्टर. त्यांच्या शिक्षणाचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय.

पण मानसशास्त्र फौजेत नाही असं मात्र समजू नका. उलट, प्रत्येक अधिकाऱ्याला आधी त्याच्याच दारातून आत जावं लागतं. निवड मंडळासमोर एकामागून एक ६० शब्द दाखवतात. प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात आलेलं वाक्य लिहायचं. धूसर चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात. ते कागद मानसशास्त्रज्ञ वाचतो. ही पद्धत आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली आली. तेव्हा डेहराडूनला सुरू झालेल्या कामातूनच पुढे दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था उभी राहिली. उमेदवारांचा गट करायचा, त्यावर कोणी म्होरक्या नेमायचा नाही आणि कोण आपोआप पुढे येतो ते पाहायचं, ही युक्ती ब्रिटिश फौजेत विल्फ्रेड बायन या डॉक्टरानं रुजवली. बायनचा जन्म १८९७ चा, आपल्या मथुरेचा. पहिल्या महायुद्धात तो स्वतः रणगाड्यावर लढला होता.

म्हणजे फौजेनं मानसशास्त्राला निवडीच्या दारावर उभं केलं. दाराच्या आत गेलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. आणि मला वाटतं, खरी गोम इथंच आहे.

पहिल्या महायुद्धातलं उदाहरण घेऊ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे केंब्रिजचे मानसशास्त्राचे अध्यापक. हेच गृहस्थ त्याआधी नीलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहिले होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९०६ साली निघालं. युद्धात त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ते मनानं मोडलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करू लागले. १९१७ मध्ये त्यांच्याकडे सिगफ्रिड ससून हा कवी आला. त्यानं युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं होतं. कोर्टमार्शल टळावं म्हणून त्याला आजारी ठरवून तिथे धाडलेलं. रिव्हर्स यांचं म्हणणं असं, की भयंकर आठवणी दाबू नका, त्यांच्याकडे बघा, त्या बोलून टाका. आज हे साधं वाटतं. त्या काळी मात्र 'मर्दासारखा विसर' हाच उपचार होता.

पण रिव्हर्सवर दोन जबाबदाऱ्या होत्या. रुग्णाला बरं करायचं, आणि बरा झाला की परत आघाडीवर पाठवायचं. ससून परत गेला. १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागूनही वाचला. त्याच रुग्णालयात राहून गेलेला विल्फ्रेड ओवेन हा दुसरा कवीही आघाडीवर परतला आणि युद्ध संपायला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला. डॉक्टर कोणाचा, रुग्णाचा की फौजेचा? शंभर वर्षं उलटली तरी हा प्रश्न वर्दीतल्या प्रत्येक मानसशास्त्रज्ञापुढे उभाच असतो.

आपल्या फौजेत जवानाची तंदुरुस्ती 'शेप' या इंग्रजी शब्दानं मोजतात. पाच अक्षरं आणि प्रत्येकाचा एक अर्थ : मन, कान, हातपाय, शरीर, डोळे. पहिलं अक्षर मनाचं आहे, ही गोष्ट मला फार आवडली. पण त्याच अक्षराची भीतीही आहे. मनाचा शेरा घसरला की बढती, अभ्यासक्रम, नेमणूक, सगळ्यांवर सावली पडते. मग जवान गप्प राहतो. झोप येत नाही, असं म्हणण्याऐवजी 'पाठ दुखते साहेब' म्हणतो. बाहेरच्या जगात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीवाला धोका असेल तेव्हाचे अपवाद सोडले, तर त्याची गोष्ट बाहेर जायला नको. आता विचार करा. खांद्यावर तारे असलेली अधिकारी समोर बसली आहे. जवान तिला मनातलं सांगेल, की उठून सलाम ठोकेल?

आमचे एक दूरचे मामू १९७१ च्या लढाईत होते. सुटीवर आले की मध्यरात्री अंगणातल्या बाजेवर उठून बसत आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहत. घरातले म्हणायचे, फौजी माणूस आहे, त्याले झोप कमीच. मी लहान होतो. त्यांना कोणी 'काय दिसते तुम्हाले?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचं असतं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

आज थोडं बदललं आहे. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री पूर्वीपासून आहेत. जवान त्यांच्याजवळ बसून बोलतो, कारण ते त्याचा शेरा लिहीत नाहीत. २०२२ साली सरकारनं टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिकांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फोनवर तोंड दिसत नाही, हुद्दा दिसत नाही. कधी कधी तेवढ्यानंही जीभ सैल होते.

मग आमच्या पोरीनं काय करावं? मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रादेशिक सेनेत जायचं असेल तर सैनिक म्हणूनच जायचं, अशी मनाची तयारी हवी. हे नुसतं शिबिर नव्हे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना या सेनेतल्या प्रत्येकाला सेवेवर बोलावण्याचा अधिकार दिला, हे ताजंच आहे. दुसरी, तिथे गेल्यावर तिनं उपचार करणारी होऊ नये, ऐकणारी अधिकारी व्हावं. हाताखालच्या माणसावर उपचार करणं व्यवसायाच्या नीतीतही बसत नाही. पण कोणाची झोप उडाली आहे, कोण सुटीवरून आल्यापासून जेवत नाही, हे वेळेत ओळखून त्याला योग्य डॉक्टरापर्यंत पोचवणं, हे शिकलेल्या नजरेचं काम आहे. पलटणीत अशी एक नजर असली तर एखादा जीव वाचू शकतो.

तिसरी गोष्ट वर्दीशिवायची. आपल्या तालुक्यांतली कितीतरी पोरं फौजेत आणि निमलष्करी दलांत आहेत. त्यांच्या बायका, आईबाप, निवृत्त होऊन आलेले हवालदार आपल्या गल्लीतच राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जाऊन महिन्यातला एक दिवस मी या लोकांसाठी देते, असं म्हणायला ना वयाची अट, ना लेखी परीक्षा. आणि तिथे बसलेल्या माणसाला तिला सलाम ठोकावा लागणार नाही.

पोरगी ऐकून घेऊन म्हणाली, "चाचा, फॉर्म त मी भरतोच. आन् तो महिन्याचा एक दिवस पुढच्या महिन्यापासून." तिच्या दोन्ही कामांना माझ्या शुभेच्छा आहेत. तुमच्या घरी कोणी फौजी सुटीवर आला असेल, तर त्याला सीमेवरच्या गोष्टी विचारण्याआधी एवढंच विचारा, "झोप लागते ना बाबा?" आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा.