कातड्याला तेल पाजण्याची विद्या

शिकारीच्या बुटांना पाण्यात अभेद्य करून देण्याची हमी घेणाऱ्या डब्यांची आणि बाटल्यांची पाश्चात्त्य बाजारपेठेत इतकी दाटी झालेली आहे की, पाणी हाच चामड्याचा एकमेव वैरी असावा, अशी कोणाही ग्राहकाची समजूत सहज व्हावी. परंतु निकामी झालेल्या बुटांची कैफियत जरा बारकाईने तपासली, तर त्यांतील पुष्कळांचा घात दलदलीत झालेला नसून, दलदलीतून परतल्यावर मालकाने मोठ्या तत्परतेने ते शेकोटीपुढे मांडून ठेवले तेव्हा झालेला आहे, असे आढळून येते.

याचे कारण चामड्याच्या घडणीतच आहे. जनावराचे कातडे म्हणजे मुख्यत्वेकरून कोलॅजन नामक प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण होय. कच्चे कातडे वाळले म्हणजे हे तंतू परस्परांस चिकटून ते ताठ होते, आणि ओले राहिले तर कुजते. कमावण्याच्या क्रियेने, मग ती बाभळीच्या सालीने व हिरड्याने केलेली असो वा क्रोमियमच्या क्षारांनी, तंतूंचे कुजणे थांबते आणि ते सुटे राहतात. तथापि बूट पावलागणिक वाकत असता या तंतूंनी एकमेकांवरून सरकावे, यासाठी त्यांच्यामध्ये तेलाचा अंश असावा लागतो, आणि गाडीच्या आसात जे काम वंगण करते तेच काम तो तेथे करीत असतो. बूट वरचेवर भिजून वाळू लागला, त्यावर चिखल बसून सुकू लागला, की हे वंगण हळूहळू कमी होते, मग चामडे घडीवर प्रथम रुक्ष दिसते, नंतर तेथे बारीक रेषा उमटतात, आणि एकदा तंतूच तुटले म्हणजे जगातील कोणतेही तेल त्यांस पुन्हा सांधू शकत नाही.

उष्णतेचा अपराध याहून गंभीर आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे ओले असताना सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या दरम्यान कायमचे आक्रसू लागते. क्रोमने कमावलेले १०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. जळत्या ओंडक्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेल्या बुटाचे नाक यांपैकी पहिली मर्यादा केव्हा ओलांडते, हे जेवणात गुंतलेल्या मालकाला कळतही नाही. म्हणून ओला बूट प्रथम धुऊन त्याचा चिखल काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते भिजतील तसे बदलावेत, आणि वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी त्यास दोन दिवस स्वस्थ पडू द्यावे. या कामी घाई करणाऱ्याने महागड्या तेलावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा बंदोबस्त चामड्यानेच करावा काय, हा प्रश्न अमेरिकेतील मेन संस्थानाच्या एका शिकाऱ्याने निराळ्याच रीतीने सोडविला. १९११ साली लिऑन लिऑनवुड बीन हा गृहस्थ शिकारीहून गारठलेले, भिजलेले पाय घेऊन परतला आणि त्याने फ्रीपोर्ट गावच्या चर्मकाराकडून रबरी बुटाच्या तळास चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला; म्हणजे जेथे पाणी साचते तेथे रबर, आणि जेथे पायाला मोकळीक हवी तेथे चामडे. पुढील वर्षी त्याने शिकारीचा परवाना काढणाऱ्या परप्रांतीयांस पत्रे धाडून हे बूट विकावयास आरंभ केला, तेव्हा पहिल्या १०० जोडांपैकी ९० जोड शिवणीपाशी रबर फाटल्यामुळे परत आले. बीनने सर्वांचे पैसे चुकते केले, कर्ज काढले, बूट सुधारला, आणि त्यावरच पुढे त्याची मोठी पेढी उभी राहिली. दलदलीत उभे राहून बदकांची वाट पाहणाऱ्यास ही तोड उत्तम होय. परंतु खडकाळ चढणीवर घोट्याला आधार देणारा संपूर्ण चामड्याचा बूटच लागतो, आणि तेथे तेलमेणाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

या तेलमेणाच्या शास्त्रात जुने लोक आपल्याहून अधिक धूर्त होते. डबिन म्हणून जो लेप युरोपात पूर्वापार चालत आला, तो मुळात जनावराची चरबी आणि कॉड माशाचे तेल एकत्र वितळवून केलेला असे, आणि कसबी कारागीर तो कोरड्या नव्हे तर किंचित दमट चामड्यास लावीत. पाणी जसजसे उडून जाई तसतसे तेल त्याच्या जागी आत शिरे आणि घट्ट चरबी पृष्ठभागी उरे. ती मागाहून पुसून काढीत. मेणाची तऱ्हा नेमकी उलट. मधमाश्यांचे मेण चामड्याचे पोषण करीत नाही, ते केवळ वरची दारे बंद करते. म्हणून ते पूर्ण कोरड्या, हाताला कोमट लागेल इतक्याच उबदार चामड्यावर चोळावे. दमट बुटावर मेण फासणे म्हणजे आतील ओल आतच कोंडून ठेवणे. नीट्सफूट तेल गुरांच्या पायांच्या व नळीच्या हाडांतून निघते. शरीराच्या इतर चरबीपेक्षा पायांतील चरबी कमी उष्णतेतही पातळ राहते, आणि त्यामुळे थंडीतसुद्धा ते चामड्यात मुरते. याउलट आपले खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठते, जवसाचे तेल हवेने सुकून कडक होते व चामड्यास तडे पाडते, आणि स्वयंपाकघरातील इतर तेले कालांतराने खवट होतात. तेल अधिक झाले तरी नुकसानच आहे: चामडे लिबलिबीत होऊन घोट्याचा आधार सुटतो, आणि चरबीतील आम्लांमुळे नाडीच्या पितळी कड्यांवर हिरवा चिकटा धरतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. उत्तम तेल पाजलेल्या बुटातही पाणी शिरते ते बहुधा आरीने पाडलेल्या छिद्रांतून आणि जिभेच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून. म्हणूनच चांगल्या बुटाची जीभ कडेस घडी घालून अंगाला शिवलेली असते, आणि पूर्वीचे चर्मकार मेण-डांबर लावलेला अळशीचा दोरा वापरीत, जो भिजताच फुगून आपले छिद्र आपणच बुजवीत असे. लेप लावताना बोट या शिवणींवरून दोनदा फिरले पाहिजे. अलीकडच्या बुटांत आतून गोरटेक्ससारखे अस्तर असते. बॉब गोर याने १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचे द्रव्य झटक्याने ताणून हा सच्छिद्र पापुद्रा सिद्ध केला, ज्यातून वाफ बाहेर जाते पण पाणी आत येत नाही. अशा बुटावर चरबीचा जाड थर दिल्यास वाफेची वाट अडते आणि पाय घामानेच भिजतात. तेथे निर्मात्याने सांगितलेले हलके द्रव्यच वापरावे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक इतिहासजमा झाला, आणि तत्पूर्वीही मध्य हिंदुस्थानातील वाघाची शिकार एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात, पाणवठे आटल्यावर रंगत असल्याने त्या बुटांना ओलीपेक्षा रुक्षतेचेच भय अधिक असे. परंतु मोटेच्या कातड्याला आणि वहाणांना तेल पाजण्याचा शिरस्ता आमच्या खेड्यांना अपरिचित नव्हता, आणि आज सह्याद्रीच्या घाटवाटा पावसाळ्यात तुडविणाऱ्या गिरिभ्रमणकारांच्या पायांत जे चामडी बूट असतात त्यांनाही हेच नियम लागू पडतात. बुटावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. ते मोत्यांसारखे न राहता शोषले जाऊन चामडे काळवंडले, की लेपाची वेळ झाली असे समजावे. कोकणात मात्र एक जादा पथ्य आहे. आषाढाच्या दमट हवेत तेलकट चामड्यावर बुरशी फार लवकर चढते, म्हणून मोहिमेहून परतलेले बूट पत्र्याच्या पेटीत वा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत; उंच फळीवर, वाऱ्याला, नाड्या सैल करून ठेवावेत, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावेत. नवा लेप पाऊस उघडल्यावर, आश्विनाच्या उन्हाच्या दिवसांत, बूट आतून पुरता सुकला आहे याची खात्री झाल्यावरच द्यावा.