रक्त परतते तेव्हा

1959 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड लिलेहाय यांनी कुत्र्याचे लहान आतडे काढून काही तास थंड ठेवले आणि पुन्हा त्याच कुत्र्याच्या पोटात जोडले. कुत्रा जगला. गारठ्यात आतडे टिकते, हे सिद्ध झाले. त्या वेळी आतड्याला होणाऱ्या इजेचा सगळा दोष रक्ताच्या अभावाचाच मानला जात होता. रक्त परत आले की संकट टळले, असा हिशेब होता.

हिशेब चुकीचा होता, हे कळायला दोन दशके लागली.

1970 मध्ये मॉन्ट्रियलच्या चिऊ आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली इजेची शून्य ते पाच अशी प्रतवारी बसवली. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. आधी त्यांच्या टोकाच्या पेशी खालच्या थरापासून सुटतात, मधे पोकळी दिसते, मग टोके उघडी पडतात आणि शेवटी अस्तर झडून रक्तस्राव होतो. ही प्रतवारी आजही वापरली जाते.

1981 मध्ये ग्रेंजर, रुटिली आणि मॅककॉर्ड यांनी मांजरांच्या आतड्यावर प्रयोग केले आणि बोट ठेवले ते परतणाऱ्या प्राणवायूवर. रक्त थांबते तेव्हा पेशीतील ऊर्जेचा साठा मोडून हायपोझँथीन साचते. रक्त सुरू होताच प्राणवायू मिळतो आणि झँथीन ऑक्सिडेज हे विकर त्यातून सुपरऑक्साइड हा विध्वंसक कण तयार करते. त्याला निष्प्रभ करणारे विकर दिल्यावर केशवाहिन्यांची गळती घटली. 1986 मध्ये पार्क्स आणि ग्रेंजर यांनी पुरावा आणखी पक्का केला: तीन तास रक्त तोडून एक तास परत दिलेल्या आतड्याची हानी, सलग चार तास रक्त तोडलेल्या आतड्यापेक्षा जास्त निघाली.

मग उपायांची रांग लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी प्रत्यारोपणाचे अवयव साठवण्यासाठी तयार केलेल्या थंड द्रावणात गाउटवरचे अॅलोप्युरिनॉल होते, कारण ते नेमके त्याच विकराला आवरते. जोडीला ग्लुटाथिओनही होते. यकृत आणि मूत्रपिंडाला या द्रावणाचा मोठा फायदा झाला. आतड्याची अडचण मात्र वेगळी. त्याच्या पोकळीत पाचक रस आणि जिवाणू असतात. अस्तर फाटले की ते आतून पोखरतात आणि जिवाणूंना रक्तात शिरायला वाट मिळते. म्हणून स्वीडनमधील योटेबोर्गच्या मिहाई ओल्टिअन यांच्यासारख्या संशोधकांनी द्रावण रक्तवाहिन्यांबरोबर पोकळीतही भरण्याचा मार्ग धरला. त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरले गेले.

पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत उंदरांना अगदी कमी प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड हुंगवला, पुढे हायड्रोजनही. दोन्हींनी इजा कमी झाली. येल विद्यापीठात मानवी आतड्यातून थंड द्रावण फिरते ठेवणारे यंत्र तपासले गेले.

उंदरांवर यशस्वी ठरलेल्या यातल्या बहुतेक उपायांना शस्त्रक्रियागृहात नेहमीची जागा अजून मिळालेली नाही. आतड्याची प्रत्यारोपणे जगभर मूत्रपिंडाच्या तुलनेत फार थोडी होतात. त्यामुळे मोठ्या चाचण्या उभारणेच अवघड जाते. मूत्रपिंड थंड साठवणीत चोवीस तासही निभावते, आतड्यासाठी मात्र आठ-दहा तासांच्या आत काम उरकण्याचा प्रयत्न असतो. सहा दशकांच्या संशोधनाने इजेचे कारण उलगडले, पण शल्यचिकित्सकाच्या हातात खात्रीची शस्त्रे आजही दोनच आहेत: गारठा आणि घाई.